चावी कुणाकडे असते?

एखाद्या महाविद्यालयात ‘इनोव्हेशन सेंटर’ सुरू झालं की पुढचे फोटो कसे येणार, हे आता कुणीही डोळे मिटून सांगेल. पहिला फीत कापतानाचा: मागे भिंतभर फ्लेक्स, पुढे शाल-श्रीफळ, आणि कोपऱ्यात अजून वेष्टणातून न निघालेला थ्रीडी प्रिंटर. दुसरा हॅकेथॉनचा, म्हणजे सलग ३६-एक तासांत वस्तू करून दाखवायच्या स्पर्धेचा: एकसारखे टी-शर्ट, टेबलांवर वायरींचं जंजाळ, डोळ्यांवर झोप. तिसरा बक्षिसाचा, दारापेक्षा जरासाच लहान अशा पुठ्ठ्याच्या चेकसह. मग पुढच्या वर्षीच्या हॅकेथॉनपर्यंत फोटो नाहीत. मला बोलायचं आहे ते या फोटो नसलेल्या महिन्यांबद्दल.

मी अभियांत्रिकी शिकवतो आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जातो, त्यामुळे हे कुंपणाबाहेरून मारलेले शेरे नाहीत. कार्यक्रम भरपूर होतात, मुलं हुशार आहेत, यंत्रंही बऱ्याच ठिकाणी आली आहेत. तरीही ‘या खोलीत तयार झालेली आणि आज बाहेर कुणीतरी वापरत असलेली एक वस्तू दाखवा’ म्हटलं, की बहुतेक ठिकाणी ट्रॉफ्यांच्या कपाटाकडे नेलं जातं. याचं खापर मुलांच्या कल्पकतेवर फोडण्यात अर्थ नाही. आपण त्या जागेकडे कार्यक्रम मागतो, म्हणून ती कार्यक्रम देते.

ही मागणी कुठून येते ते बघण्यासारखं आहे. २०१८ साली केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने इनोव्हेशन सेल काढला आणि त्याच्या छत्राखाली महाविद्यालयांमध्ये ‘इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल’ स्थापन होऊ लागल्या. हेतूबद्दल तक्रार नाही. पण व्यवहारात कौन्सिलच्या समन्वयकाच्या हाती पडतं ते एक कॅलेंडर. दर तिमाहीचे ठरलेले उपक्रम आणि वर दिनविशेष: १६ जानेवारीला स्टार्टअप दिन, २६ एप्रिलला बौद्धिक संपदा दिन, ११ मेला तंत्रज्ञान दिन, १५ ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा इनोव्हेशन दिन. प्रत्येकाचा अहवाल फोटोंसकट पोर्टलवर चढवायचा, त्यावर गुण, आणि गुणांवर तारे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषातही बौद्धिक संपदा, संशोधनपद्धती आणि उद्योजकतेवर किती कार्यशाळा घेतल्या याची मोजणी होत आली आहे. सामंजस्य करार किती झाले याचीही. समन्वयक म्हणजे बहुधा विभागातला सगळ्यात नवा सहायक प्राध्यापक. त्याच्या डोक्यावर पूर्ण वर्कलोड, परीक्षेच्या ड्युट्या, आणि वरून हे पोर्टल. त्याने झूमवर एक तासाचं व्याख्यान ठेवून एका दगडात दोन-तीन रकाने मारले तर त्याला दोष कसा द्यायचा? खोली किती वाजेपर्यंत उघडी होती असा रकाना ठळकपणे कुणी समोर ठेवलाच नाही, तर तो भरणार कोण?

आता एक वस्तू जवळून बघू. शेतीचा विषय असला की प्रत्येक स्पर्धेत एक तरी संघ मातीतला ओलावा मोजणारं यंत्र घेऊन येतोच. ईएसपी-३२ नावाचा छोटा नियंत्रक बोर्ड, दोन दातांचा सेन्सर, एक रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, एक बोटभर पंप. प्लास्टिकच्या ग्लासात कुंडीतली माती. कोरड्या मातीत सेन्सर खोचला की पडद्यावर आकडा उमटतो, रिले ‘टिक्’ करतो, पंप पाणी सोडतो, आकडा वर चढतो, पंप थांबतो. टाळ्या पडतात, आणि त्या ३६ तासांच्या मानाने पडायलाच हव्यात.

हेच वावरात नेलं तर काय होतं? त्या दोन दातांमधून वीज वाहते. ओल्या जमिनीत दातांवरचा मुलामा झिजत जातो आणि काही आठवड्यांत आकडे भरकटतात. त्याऐवजी धारिता (कपॅसिटन्स) मोजणारा सेन्सर घेतला तर त्याच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं; ती कड इपॉक्सीने बंद करावी लागते, हे पहिला सेन्सर वाया गेल्यावरच कळतं. काळी जमीन असेल तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, सेन्सर भेगेतल्या हवेत लटकतो आणि ‘कोरडं, कोरडं’ म्हणून सांगत राहतो. आणि पंप? शेतावर असते पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार, स्टार्टरवर चालणारी. शेतीच्या फीडरला वीज अनेकदा येणार रात्री, म्हणून शेतकऱ्याने स्टार्टरला आधीच ‘ऑटो’ बसवून घेतलेला असतो: वीज आली की मोटार आपोआप सुरू. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची यंत्रं तर तालुक्याच्या बाजारात मिळतात. म्हणजे मुलांनी सोडवलेला अर्धा प्रश्न आधीच सुटलेला आहे आणि न सुटलेला अर्धा त्यांच्या ग्लासात मावलेलाच नाही. ‘पुढचा एक हंगाम हे एखाद्याच्या रानात लावून बघाल का?’ असं मी अशा संघांना विचारतो. ‘सर, आम्ही फायनल इयरला आहोत,’ हे उत्तर ठरलेलं. उत्तर खरं असतं. त्यांच्यामागे ते यंत्र उचलून घेणारं कुणी नसतं, आणि ठेवायला कपाटही नसतं. बोर्ड सुटा करून पुढच्या प्रोजेक्टला वापरला जातो.

याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून २० उपग्रह वर नेले, त्यांत ‘स्वयम्’ नावाचा एक होता: सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या तेव्हाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, जेमतेम एक किलोचा, दहा सेंटिमीटरचा ठोकळा. त्याचं काम हॅम रेडिओच्या मार्गाने निरोप पोचवण्याचं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दिशा धरायची युक्ती. एवढ्याशा ठोकळ्यात फिरती चाकं बसवायची, त्यांना वीज पुरवायची, या भानगडीत न पडता मुलांनी आत चुंबक ठेवला. होकायंत्राच्या काट्यासारखा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतो, आणि सोबतच्या खास धातूच्या कांड्या त्याचं डुलणं हळूहळू मारतात. वीज शून्य.

काम सुरू झालं २००८ च्या सुमारास. पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली आकडेमोड केली त्यांच्यापैकी कुणीही उड्डाणाच्या वेळी विद्यार्थी नव्हतं. मधल्या काळात एकेक बॅच आली, आधीच्यांच्या फायली वाचल्या, त्यांतल्या चुका काढल्या, स्वतःच्या फायली पुढच्यांना दिल्या आणि नोकरीला निघून गेली. इस्रोचे तज्ज्ञ जे प्रश्न विचारतात त्यांना स्लाइडवर उत्तर देऊन भागत नाही. कंपनाच्या, उष्णतेच्या चाचण्यांमध्ये ठोकळा टिकावा लागतो. हे सगळं घडायला काय लागलं? एक खोली, जी दर वर्षी कुणी दुसऱ्या कामाला काढून घेतली नाही. काही शिक्षक, ज्यांनी मुलांना त्या खोलीत रात्री बसू दिलं. आणि बॅचमागून बॅचने पाळलेली कागदपत्रं ठेवायची शिस्त. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हा उपग्रहही असाच: २००७ ला कल्पना, सप्टेंबर २०१६ मध्ये उड्डाण. ‘त्यांचं काय, ते आयआयटी’ असं म्हणायची आपली सवय जुनी आहे, म्हणून मुद्दाम सीओईपीचं आधी सांगितलं. आयआयटी मद्रासमध्ये २००८ पासून ‘सेंटर फॉर इनोव्हेशन’ आहे, तेही विद्यार्थीच चालवतात आणि रात्रीही तिथे दिवे असतात. हुशार मुलं तिथे आहेत हे खरंच. पण हुशार मुलांनाही दार उघडंच लागतं.

आठ वर्षांच्या अशा कामाला कॅलेंडरमध्ये जागा नाही. त्या आठ वर्षांत स्वयम् ने महाविद्यालयाला नेमके किती ‘उपक्रम’ दिले असते? एक उड्डाण, एक सत्कार.

जाता जाता पेटंटबद्दल. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली, हे उत्तम झालं. पण अर्ज केल्यावर १८ महिन्यांनी, किंवा जास्तीचा फॉर्म भरून त्याआधीच, तो ‘प्रकाशित’ होतो, आणि या प्रकाशनाचा तपासणीशी काही संबंध नसतो. कुणीही तोवर तो अर्ज वाचून ‘हे नवीन आहे’ असं म्हटलेलं नसतं. एनआयआरएफच्या, म्हणजे शैक्षणिक संस्थांच्या केंद्रीय क्रमवारीत मात्र मिळालेल्या पेटंटसोबत प्रकाशित पेटंटही मोजली जातात. मग वर्तमानपत्रात ‘प्राध्यापकाला पेटंट’ अशी बातमी येते, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो, आणि पुढे तपासणीची विनंतीच न केल्यामुळे तो अर्ज आपोआप निकाली निघतो तेव्हा फलक केव्हाच उतरलेला असतो. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

मूळ मुद्दा दाराचा. या जागांच्या नावात आता ‘कोलॅबोरेशन’ हा शब्द हमखास असतो. सहकार्य कुणाशी? करारांच्या यादीत कंपन्यांची नावं असतात, आणि त्यांतले बरेच करार सहीनंतर पुन्हा उघडलेच जात नाहीत. महाविद्यालयाच्या भिंतीला लागून आयटीआय असतं, पलीकडच्या रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगवाला, स्टार्टर दुरुस्त करणारा, लेथवाला. यांतला कुणी गेटवर आला तर सिक्युरिटी त्याला विचारते, ‘कुणाकडे काम आहे?’ त्याचं काम कुणाकडे नसतंच, यंत्राकडे असतं. वर सांगितलेली ‘ऑटो’ची गोष्ट त्या स्टार्टरवाल्याने पाच मिनिटांत सांगितली असती.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला हे उलटं केलेलं आहे, आणि आजचं नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये त्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम उभा करायला गेले. तिथली रीत अशी की शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती शिकतात ती गावातल्या लोकांची खरी कामं करत. काम नीट झालं नाही तर गिऱ्हाईक परत येतं, हीच परीक्षा. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या गटाने फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू घडवायच्या छोट्या कार्यशाळेची, कल्पना आपल्या आवाराबाहेर न्यायचं ठरवलं, तेव्हा अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक पाबळला निघाली; अमेरिकेबाहेरची पहिली. जे लोक जगात कुठेही जाऊ शकले असते, ते पाबळला का आले? तिथे वीस वर्षं लोक आपापली अडचण घेऊन येत होते आणि ती सोडवायला बसणारी मुलं होती म्हणून. फॅब लॅबच्या संकेतांत एक अट अशी आहे की आठवड्यातला काही वेळ तरी ती सर्वांसाठी खुली पाहिजे. आपल्या विद्यापीठांच्या केंद्रांनी पाबळकडून यंत्रांची यादी घेण्यापेक्षा ही अट घ्यावी. शनिवारी दुपारी चार तास, कुणीही या, बिघडलेली वस्तू घेऊन या. एवढ्याने भांडार रिकामं होणार नाही.

भांडाराचा विषय निघालाच आहे. थ्रीडी प्रिंटर हे नवोपक्रम केंद्राचं दैवत. त्याला लागणारं पीएलए प्लास्टिकच्या तारेचं रीळ पावसाळ्यात उघडं राहिलं की दमटपणा धरतं. छपाईत बुडबुडे येतात, तार ठिसूळ होते, नोझल तुंबतं. नवीन नोझल काही शे रुपयांचं. ते घ्यायला तीन कोटेशन, मग खरेदी समिती, मग लेखा विभागाची शंका: हे डेड स्टॉकमध्ये (कायम साहित्यात) चढवायचं की कन्झ्युमेबलमध्ये (वापरून संपणाऱ्यात)? तोवर सेमिस्टर संपतं. मुलं वाट बघत नाहीत. शनिवारी बसने पुण्याला तपकीर गल्लीत जातात आणि स्वतःच्या खिशातून सेन्सर, बोर्ड घेऊन येतात. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो पीपीटी करतो. उद्घाटनाच्या फ्लेक्सचं बिल मात्र मी कुठेही कधी अडकलेलं पाहिलेलं नाही.

आणि माणूस. यंत्र चालवणारा, हात धरून सोल्डरिंग शिकवणारा प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही, किंवा अकरा महिन्यांच्या करारावर भरली जाते. अशा माणसाला महागड्या यंत्राची जबाबदारी कशाला हवी? काही मोडलं तर पगारातून कापतील ही भीती त्याला असते, आणि ती अगदीच निराधार नाही. मग तो सगळ्यात सुरक्षित गोष्ट करतो, कुलूप लावतो. चावी विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये, आणि विभागप्रमुख साडेपाचला घरी. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या २०२१ पासूनच्या आयडिया लॅब योजनेच्या कागदात सुविधा चोवीस तास मिळावी असं म्हटलेलं आहे. कागद तयार करणाऱ्यांनी विचार बरोबर केला होता. रात्री दहाला तिथे कोण बसणार आणि त्याला कोण पैसे देणार, हा प्रश्न महाविद्यालयावर सोडला गेला.

रात्री दहा म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, आणि तो मला अधिक बोचतो. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी हवी असा नियम आहे. नियम चांगला. पण संघ समोर आला की बऱ्याचदा सादरीकरण तिच्याकडे असतं आणि सोल्डरिंग गन दुसऱ्याच्या हातात. तिला येत नाही म्हणून असं होत नाही. खोली उघडी राहिलीच तर ती सातनंतर राहते, आणि मुलींच्या वसतिगृहाचं गेट त्याच सुमारास लागायला लागतं. ज्या वेळात मुलगे यंत्रांशी खेळून शिकतात, तो वेळ मुलींच्या दिवसात नाहीच. खोली रात्री उघडी ठेवा असं नुसतं म्हणणारा माणूस अर्ध्या वर्गाला बाहेर ठेवतो. तेव्हा आधी दिवसाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक मोकळी दुपार काढा, आणि मग लॅबमधून वसतिगृहापर्यंत सोडायची व्यवस्था करून गेटची वेळ बदला. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका महाविद्यालयं उशिरापर्यंत चालवतातच की. तिथे नोंदवही असते, रखवालदार असतो, सीसीटीव्ही असतो. सुरक्षेची सबब फक्त प्रयोगशाळेपुरतीच का आठवते?

कार्यक्रमच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. हॅकेथॉनने जे दिलं ते कमी नाही. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलं पहिल्यांदा राज्याबाहेर गेली, मेकॅनिकलची मुलगी आणि कॉम्प्युटरचा मुलगा एका टेबलाशी बसले, सरकारी खात्यांना आपला प्रश्न चार ओळींत लिहावा लागला. मुदत डोक्यावर असली की कामाला वेग येतो, हेही नाकारण्यात अर्थ नाही. ज्या खोलीत वर्षभर काम चालू आहे तिथे हॅकेथॉन झाली तर ती सोन्याहून पिवळी: मुलं अर्धवट वस्तू घेऊन येतील, परीक्षकाला मोडतोड दिसेल, आणि स्पर्धेनंतर जायला जागा असेल. माझी तक्रार रिकाम्या खोलीत भरवलेल्या हॅकेथॉनबद्दल आहे. स्टार्टअपवाले नेहमी आयडियाफोर्जचं नाव घेतात. आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रात वाढलेली ही ड्रोन कंपनी २००७ मध्ये निघाली आणि शेअर बाजारात आली ती २०२३ मध्ये. त्या १६ वर्षांत तिला ३६ तासांच्या स्पर्धेपेक्षा जागेचा, यंत्रांचा आणि मार्गदर्शनाचा आधार जास्त उपयोगी पडला असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग करायचं काय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम आणि उद्योजकतेसाठी स्वतंत्र मंडळ दिलं आहे. दिल्लीच्या पोर्टलची वाट न बघता या मंडळाला आपल्या संलग्न महाविद्यालयांना काही साधे प्रश्न विचारता येतील. वर्ग सुटल्यावर खोली किती तास उघडी होती? चावी ज्याच्याकडे आहे तो विद्यार्थी आहे का? मागच्या बॅचचं कुठलं काम या बॅचने पुढे नेलं, आणि त्याची फाइल कुठे आहे? आवाराबाहेरचं कोण कोण काय घेऊन आलं? वर्षभरात किती नग बिघडले? शेवटचा आकडा शून्य असेल तर कौतुक न करता चौकशी करावी. आणि केंद्राच्या प्रमुखाच्या हाती महिन्याला पाच-दहा हजारांची किरकोळ खर्चाची रक्कम द्यावी, पावती जोडली की विषय संपला अशी. कार्यशाळांवर आज होणाऱ्या खर्चातून ती सहज निघते.

यावर एका सहकाऱ्याने मला ऐकवलं की ही नोंदवहीसुद्धा लोक खोटी भरतील. उपस्थितीच्या सह्या जशा एकाच पेनने होतात तशाच. भरतील, मला शंका नाही. पण मग त्यांना वापरलेली रिळं, जळलेले बोर्ड आणि संपलेलं सोल्डर यांचीही बिलं दाखवावी लागतील, म्हणजे निदान सामान तरी विकत आणावं लागेल. सामान एकदा खोलीत आलं की ते वापरणारं पोरगं कुठून ना कुठून येतंच.